माथुरचा टक्का

जुगाराच्या गोष्टींत आपल्याला दोनच माणसं दाखवली जातात. एक हरतो, एक जिंकतो. धर्मराज हरतो, शकुनी जिंकतो. नळ हरतो, पुष्कर जिंकतो. फाशांवरून आपण नशिबाकडे जातो, नशिबावरून धर्माकडे, आणि तिथून थेट वनवासाकडे. या सगळ्या घाईत तिसरा माणूस राहून जातो. घर त्याचं असतं, सतरंजी त्याची, लाइटबिल त्याचं. तो कधी खेळतो, कधी नुसता बसतो. पण डाव कुणीही जिंकला तरी थोडे पैसे त्याच्याकडे येतातच.

कॅसिनोत आणि ॲपवर या पैशांना रेक म्हणतात. आपल्याकडच्या पत्त्यांच्या अड्ड्यांवर जुना शब्द आहे, नाल. ‘नाल काढून जुगार खेळवत होता’ असं कुणाबद्दल म्हटलं, की तो जुगारी नाही, अड्डेवाला आहे, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. दोन माणसांतला फरक एका शब्दात सांगणारी भाषा आपल्याकडे आहे. मग त्या दुसऱ्या माणसाबद्दलच्या चांगल्या गोष्टी इतक्या थोड्या का, हा माझा प्रश्न आहे. मला सापडलेली सगळ्यात चांगली गोष्ट दीड हजार वर्षांच्या आसपासची आहे. ती ‘मृच्छकटिक’ या नाटकाच्या दुसऱ्या अंकात आहे. तिच्याकडे यायच्या आधी रेक चालतो कसा हे नीट बघावं लागेल, कारण हिशेब कळल्याशिवाय त्या अंकातला विनोद अर्धाच कळतो.

गंगापूर रोडवर, जेहान सर्कलच्या पुढे, एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री पोकरचं टेबल लागायचं. मी तिथे जात असे. सात जण असायचे: सातपूर एमआयडीसीतले दोन इंजिनिअर, एक औषध कंपनीचा एमआर, एक प्राध्यापक, एक दिंडोरीकडचा द्राक्षवाला, घरमालक आणि मी. पाच-दहाचे ब्लाइंड, हजाराचा बाय-इन. सुरुवातीला घरमालक कुणाकडून काहीच घेत नसे. मग वडापाव, कोल्ड्रिंक आणि एसीचे म्हणून माणशी दीडशे ठरले. त्यावर कुणाचीच तक्रार नव्हती, असायचं कारणही नव्हतं. काही महिन्यांनी टेबलावर स्टीलचा एक डबा आला आणि प्रत्येक पॉटमधून पाच टक्के त्यात पडू लागले. फ्लॉप पडायच्या आधीच डाव संपला तर काही नाही, आणि एका डावातून तीस रुपयांपेक्षा जास्त नाही. नियम रास्त होते. जगभरातल्या कार्डरूममध्ये साधारण असेच असतात.

आता हिशेब. घरच्या टेबलावर तासाला पंचवीस डाव होतात असं धरा. सरासरी पॉट तीनशेचा. पाच टक्के म्हणजे पंधरा रुपये. तासाचे 375. रात्री दहा ते पहाटे चार, सहा तासांचे 2,250. टेबलावर सात जणांनी मिळून आणलेले पैसे होते 7,000. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रक्कम एका रात्रीत डब्यात गेली. सगळे अगदी सारखं खेळले, कुणी कुणाला हरवलं नाही, तरी प्रत्येक जण 321 रुपये हरून घरी जाणार. असे चार शनिवार झाले की डब्यात नऊ हजार, म्हणजे सगळ्यांच्या एका वेळच्या बाय-इनपेक्षा जास्त.

हे वाचताना तुम्हाला वाटेल की हे टेबलावर बसलेल्या इंजिनिअरांना कळत कसं नाही? कळतं, जाणवत नाही. कारण पैसे हरणाऱ्याच्या खिशातून जात नाहीत, जिंकणाऱ्याच्या ढिगातून जातात. सहाशेचा पॉट तुमच्याकडे सरकतोय आणि त्यातले तीस कुणी उचलले, तर त्या क्षणी तुम्ही खुशीत असता. हेच पैसे दर तासाला खुर्चीचं भाडं म्हणून रोख मागितले असते, तर पहिल्याच शनिवारी भांडण झालं असतं. काही कार्डरूम तसं भाडं घेतातही, आणि माझ्या मते तो जास्त प्रामाणिक प्रकार आहे, कारण त्यात आकडा डोळ्यांसमोर राहतो. पॉटमधला टक्का हा न दिसणाऱ्या जागेवरून उचललेला पैसा आहे. गोष्टी सांगणाऱ्यांनाही तो दिसत नाही, याचं कारण मला वाटतं हेच आहे. कॅमेरा जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो आणि हात फ्रेमच्या बाहेरून येतो.

तीस रुपयांच्या मर्यादेतही एक गंमत आहे. तीनशेच्या पॉटवर पंधरा गेले, म्हणजे पाच टक्के. तीन हजारांच्या पॉटवर तीसच गेले, म्हणजे एक टक्का. जो जपून, लहान लहान पॉट खेळतो त्याला दर जास्त पडतो. जो बेधडक पैसे लोटतो त्याला कमी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे याज्ञवल्क्य भेटणार आहे.

पोकरवरचे दोन सिनेमे आपल्या पिढीने सगळ्यात जास्त पाहिलेत. ‘राउंडर्स’ 1998 चा, जॉन डाल यांचा. कायद्याचं शिक्षण घेणारा माइक (मॅट डेमन) सुरुवातीलाच टेडी केजीबी नावाच्या क्लबवाल्याकडे तीस हजार डॉलर घालवतो आणि शेवटी त्याच्याचसमोर पुन्हा बसतो. टेडी हा अड्ड्याचा मालक आहे. पण सिनेमाला त्याच्या मालकीत रस नाही. जॉन माल्कोविच बिस्किटं फोडत, विचित्र रशियन हेल काढत बसतो आणि आपण त्याच्याकडे फक्त प्रतिस्पर्धी म्हणून बघतो. मालक समोरच्या खुर्चीत आणून बसवला की तिसरा माणूस उरतच नाही. गोष्ट पुन्हा दोघांची होते. ‘राउंडर्स’ मला आवडतो, अनेकदा पाहिलाय, पण धंदा कसा चालतो हे त्याच्याकडून शिकता येत नाही.

‘मॉलीज गेम’ (2017) हा तर अड्डा चालवणाऱ्या बाईचाच सिनेमा. मॉली ब्लूम ही खरी बाई, तिचं पुस्तक 2014 सालचं. तिने आधी लॉस एंजेलिसला आणि मग न्यूयॉर्कला श्रीमंतांचे पोकरचे खेळ चालवले. ॲरन सॉर्किन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा सिनेमा टक्क्याच्या प्रश्नाला भिडतो, हे त्याचं मोठेपण. जोवर मॉली फक्त खेळाडूंनी दिलेल्या टिपवर जगते तोवर ती कायद्याच्या काठावर उभी आहे, आणि पॉटमधून टक्का घेतला की काठ संपतो, हे आपल्याला पुन्हा पुन्हा बजावलं जातं. ती टक्का का घेते याचं कारणही सिनेमा बरोबर देतो. हरणाऱ्याला उधारी तिने दिलेली असते, जिंकणाऱ्याला पैसे देण्याची हमीही तिचीच असते. एखादा मोठा हरणारा फिरकला नाही तर भोक तिच्या खिशाला पडणार. तेव्हा ती त्या जोखमीची किंमत पॉटमधून काढते.

इथवर सगळं चोख. मग सॉर्किन कच खातात. टक्क्याचा क्षण त्यांना मॉलीच्या पतनाचा क्षण म्हणून हवा आहे: एक चूक, मग न्यायालय, बाप, वकील, आणि शेवटी तिची सचोटी सिद्ध. तो टक्का सुरू झाल्यावर टेबलावर बसलेल्यांचं काय झालं? मॉली आणि खेळाडू यांच्यातलं बोलणं बदललं का? ‘आज पुरे, घरी जा’ असं म्हणणं तिला परवडेनासं झालं का? सिनेमा नशेबद्दल बोलतो, रशियन माफियाबद्दल बोलतो. या साध्या गोष्टीला मात्र तो फारसा थांबत नाही. टक्का त्याला कलम म्हणून दिसतो, नातं म्हणून दिसत नाही.

गंगापूर रोडच्या टेबलावर मी नातं बदलताना पाहिलं, म्हणून हे म्हणतोय. डबा यायच्या आधी घरमालकाला रात्री एक वाजता जांभया यायच्या. ‘चला रे, उद्या सासुरवाडीला जायचंय’ असं तोच म्हणायचा. डबा आल्यावर त्याच्या जांभया बंद झाल्या. टेबल जितके तास चालेल तितका डबा भरतो. गुरुवारपासून त्याचे फोन येऊ लागले, ‘दादा, येताय ना? सीट धरून ठेवलीय.’ आम्ही त्याला अरे-तुरे करणारे, आणि हा आम्हाला दादा म्हणायला लागला. प्राध्यापक सतत हरायचे. पूर्वी त्यांना हाच माणूस म्हणायचा, ‘सर, आज पत्ते ऐकत नाहीत, थांबा.’ आता तो त्यांच्यापुढे आणखी हजाराच्या चिप्स सरकवायचा आणि वहीत लिहायचा. वही हे डब्याचं दुसरं अपत्य. काही महिन्यांत वहीतला आकडा सरांच्या पगाराच्या जवळ गेला. मग सर येईनासे झाले, आणि घरमालक त्यांच्या कॉलेजच्या गेटवर उभा राहू लागला.

तो वाईट माणूस नव्हता. आजही नाही. म्हणूनच मला मोरेश्वर रामचंद्र काळे यांची ‘मृच्छकटिका’ची आवृत्ती उघडून बसावंसं वाटलं.

नाटक शूद्रकाचं. मराठीत ते देवलांनी आणलं, संगीत नाटक म्हणून गाजवलं. त्यामुळे चारुदत्त आणि वसंतसेना आपल्याला ओळखीचे असतात. दुसऱ्या अंकात मात्र रस्त्यावर एक माणूस पळत येतो. याचा धंदा अंग चोळून देण्याचा, म्हणून नाव संवाहक. मूळचा पाटलिपुत्रचा, एकेकाळी चारुदत्ताच्या पदरी होता, मालक गरीब झाल्यावर जुगाराला लागला. दहा सुवर्णनाणी हरलाय आणि द्यायला एकही नाही. मागे दोघं लागलेत. एक, ज्याने ते जिंकले तो जुगारी. दुसरा माथुर. माथुर हा सभिक आहे, म्हणजे जुगाराच्या सभेचा चालक. आपल्या भाषेत, नाल काढणारा.

संवाहक उलट्या पावलांनी चालत एका ओस देवळात शिरतो, म्हणजे पाऊलखुणा बाहेर गेल्यासारख्या दिसाव्यात, आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे येतात. त्यांना संशय येतो. मूर्ती लाकडाची की दगडाची यावर त्यांची चर्चा होते, तिला हलवून पाहिलं जातं. मग ते काय करतात? तिथेच, देवासमोर, डाव मांडून खेळायला बसतात. फाशांचा आवाज होतो. मूर्तीच्या मनाची घालमेल सुरू होते. शेवटी राहवत नाही आणि देव ओरडतो, की आता पाळी माझी!

हा प्रसंग विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आहेच. पण जुगाऱ्याचं व्यसन ही त्यातली अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी अशी, की माथुरला हे माहीत आहे. लपलेल्याला शोधायला त्याने कंदील आणला नाही, फासे वाजवले. आपल्या गिऱ्हाइकाला तो त्याच्या बायकोपेक्षा चांगला ओळखत असणार. गुरुवारचा फोन हा त्या फाशांच्या आवाजाचा नातेवाईक आहे.

पकडल्यावर संवाहक एक युक्ती करतो. जुगाऱ्याला म्हणतो, अर्धे देतो, अर्धे सोड. तो कबूल होतो. मग माथुरकडे वळतो, अर्ध्याची हमी देतो, अर्धे तूही सोड. तोही कबूल होतो. मग संवाहक मोठ्याने हिशेब सांगतो: अर्धे याने सोडले, अर्धे त्याने सोडले, झालं, मी निघालो. त्याला अर्थातच पुन्हा धरतात. वरवर हा शाळकरी गणिताचा विनोद आहे. पण जरा थांबून विचार केला, की कर्ज जिंकणाऱ्याचं असताना संवाहकाला दोघांशी वेगवेगळी बोलणी का करावी लागतात? कारण तिथे देणं एकच असलं तरी मागणारे दोन आहेत. जिंकणाऱ्याला पैसे मिळवून देण्याची जबाबदारी सभिकाची आहे. तो टक्का घेतो तो याच कामाचा. म्हणून आरामात गादीवर बसायचं सोडून भर उन्हात रस्त्यावर धावण्याची पाळी माथुरवर येते. मॉली ब्लूमच्या सिनेमाला जे सांगायला न्यायालय, वकील आणि निवेदन लागलं, ते शूद्रकाने एका थट्टेत सांगितलं.

पुढचं हसू कडू आहे. माथुर विचारतो, पैसे कुठून देणार? बाप वीक. बाप नाही. आई वीक. आई नाही. मग स्वतःला वीक. आणि संवाहक खरंच रस्त्यात उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विनवतो, मला दहा सुवर्णांना विकत घ्या. कुणी घेत नाही. इथे दर्दुरक नावाचा आणखी एक जुगारी येतो. हाही माथुरचं जुनं गिऱ्हाईक, त्याला पाहताच फाटक्या कपड्यात स्वतःला झाकू पाहणारा. तो वाद उकरून काढतो, माथुरच्या डोळ्यांत धूळ फेकतो, आणि संवाहक पळत जाऊन शिरतो ते वसंतसेनेच्या घरात. ती त्याची हकिगत ऐकते. चारुदत्ताचा जुना माणूस म्हटल्यावर आपलं कंकण दारावरच्या वसुलीवाल्यांना पाठवून देते, आणि ते संवाहकानेच दिलंय असं सांगायला लावते.

आता माथुर काय करतो ते पाहा. ऐवज हाती पडल्यावर तो शिवी देत नाही, दम भरत नाही. त्या भल्या माणसाला सांगा, म्हणतो, हिशेब चुकता झाला. आता ये आणि पुन्हा खेळ.

काही क्षणांपूर्वी ज्याला आईबाप विकायला सांगितलं त्याला हे आमंत्रण. माथुर यात ढोंगी नाही. वसुली करताना तो जितका खरा होता तितकाच बोलावताना खरा आहे. हरणारा माणूस त्याचा शत्रू नाही, कच्चा माल आहे. त्याच्यावर राग धरणं धंद्याला परवडत नाही. अड्डेवाल्याचं इतकं नेमकं, इतकं कमी शब्दांतलं चित्र मी दुसरं वाचलेलं नाही. पृथ्वीधराच्या टीकेप्रमाणे माथुर आणि तो जुगारी ढक्की नावाच्या प्राकृत बोलीत बोलतात आणि संवाहक मागधीत. म्हणजे अड्ड्याची बोली वेगळी आहे, हे नाटककाराच्या कानाने टिपलेलं होतं.

या अंकात एक उणीव आहे. शूद्रक आपल्याला सभेच्या आत नेत नाही. डाव कसा मांडला जातो, टक्का कधी उचलला जातो, हे रंगमंचावर येत नाही. सगळं सुरू होतं ते हरल्यानंतर. आतलं चित्र हवं असेल तर कौटिल्याकडे जावं लागतं. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात द्यूतावर एक प्रकरण आहे. जुगार एकाच ठिकाणी चालावा, दुसरीकडे खेळणाऱ्याला बारा पण दंड. द्यूताध्यक्षाने फासे आणि कवड्या शुद्ध पुरवाव्यात. जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के घ्यावेत, शिवाय साहित्याचं भाडं, आणि पाणी, जागा व परवाना यांचे पैसे वेगळे. पाणी आणि जागा! आमचे वडापाव आणि एसीचे दीडशे रुपये कौटिल्याने आधीच लिहून ठेवले होते, आणि मुद्दा असा की त्याने ते टक्क्यापासून वेगळे लिहिले. खर्च वेगळा, कमाई वेगळी. गंगापूर रोडवर ही रेघ पुसली गेली तेव्हा कुणी आवाज केला नाही, कारण दोन्ही पैसे ‘खर्चाचे’ या एकाच नावाने मागितले जात होते.

याज्ञवल्क्यस्मृती आणखी बारीक जाते. शंभर किंवा त्याहून जास्त जिंकणाऱ्याकडून सभिकाने पाच टक्के घ्यावेत, बाकीच्यांकडून दहा. म्हणजे छोट्याला दर दुप्पट. आमच्या डब्याच्या तीस रुपयांच्या मर्यादेचा हा पणजोबा. मोठा खेळाडू टिकला पाहिजे, कारण त्याच्यामुळे टेबल टिकतं, भार लहानांवर. ऑनलाइन पोकरवाले जास्त खेळणाऱ्याला रेकमधला वाटा परत करत, त्याला रेकबॅक म्हणत. तीच चाल, नवं नाव. त्या बदल्यात सभिकाने राजाचा भाग द्यावा, जिंकणाऱ्याला त्याचे पैसे मिळवून द्यावेत, आणि खरं बोलावं, सहनशील असावं असंही स्मृती सांगते. या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली, म्हणजे आपल्या सीमेपलीकडच्या आजच्या बसवकल्याणात. माथुरला हे कलम लावून पाहिलं तर तो पैसे मिळवून देण्यात पास आहे. सहनशीलतेत नापास.

आपल्या आजच्या कायद्यालाही तिसरा माणूस नीट दिसतो, साहित्यापेक्षा कितीतरी नीट. महाराष्ट्रात अजून 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात ‘जुगाराचं घर’ ही संज्ञा आहे, आणि पत्त्यांसारख्या खेळाच्या बाबतीत तिची कसोटी पत्ते नाहीत, पैसे लावणंही नाही. त्या घराच्या किंवा साहित्याच्या वापरासाठी आकार घेऊन किंवा आणखी कुठल्याही रीतीने, घर चालवणाऱ्याला फायदा होतोय का, ही कसोटी आहे. स्टीलचा डबा नेमका तिथे येऊन आदळतो. आणि अशा घरात खेळायला बसलेलाही सुटत नाही. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कायद्याने वगळलंय, पण पोकर त्यात बसतो का यावर न्यायालयांचं एकमत नाही. 2017 साली गुजरात उच्च न्यायालयाने त्याला कौशल्याचा खेळ मानायला नकार दिला होता.

याच प्रश्नावरचा एक जुना निकाल मला साहित्य म्हणूनही वाचनीय वाटतो. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी चालायची आणि क्लब खेळणाऱ्यांकडून आकार घ्यायचा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण, 1967. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निकालात म्हटलं ते थोडक्यात असं: रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, जुळवावे लागतात, ते कौशल्य आहे, तीन पत्ती तशी नाही. आणि क्लबने खेळासाठी आकार घेतला, तर तो बिलियर्ड्स किंवा टेनिससाठी घेतात तसा सेवेचा आकार. तेवढ्याने जुगाराचं घर होत नाही. पण मालक किंवा क्लब पैजेच्या खेळातून फायदा कमावत असेल तर गोष्ट वेगळी. हा निकाल मला आवडतो कारण तो नैतिक आवाज चढवत नाही. तो वही मागतो. किती घेतले, कशाचे घेतले, खर्च किती. शंभर पानी कादंबऱ्यांना जे सुचत नाही ते न्यायमूर्तींना सुचलं.

वर्तमानपत्रं मात्र वही मागत नाहीत. ‘जुगार अड्ड्यावर छापा’ या बातमीत रोख रक्कम, मोबाइल, दुचाकी असा ‘मुद्देमाल’ मोजला जातो, पकडलेल्यांचा आकडा येतो. नाल कोण घेत होता, किती, हे एखाद्या वाक्यात उरकतं. बातमी मुद्देमालाची असते, धंद्याची नसते.

ॲपवर तर तिसरा माणूस दिसेनासाच झाला होता. कुणी दादा म्हणत नाही, कुणी डबा पुढे करत नाही. पॉटमधून आकडा आपोआप वजा होतो. सरकारला तो नेमका दिसला. ऑक्टोबर 2023 पर्यंत कंपन्या आपल्या रेकवर 18 टक्के जीएसटी भरत होत्या. त्यानंतर खेळाडूने भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के लागू झाला. आधी कर माथुरच्या टक्क्यावर होता, मग संवाहकाच्या दहा सुवर्णांवर आला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ सरसकट बंदच करणारा कायदा केला, आणि ॲपवरची टेबलं थांबली. ती माणसं कुठे गेली असतील? काही फ्लॅटमध्ये गेली, सतरंजीवर. गंगापूर रोडला, कॉलेज रोडला, इंदिरानगरला. म्हणून मला वाटतं की या वर्षी तरुण वाचकाने ‘मृच्छकटिक’ वाचायचं एक जादा कारण आहे, आणि ते अभ्यासक्रमाबाहेरचं आहे.

नाटकाच्या दहाव्या अंकात सगळ्यांचे हिशेब चुकते होतात. चारुदत्त सुळावरून वाचतो, राजा बदलतो, दुष्ट शकाराला माफी मिळते, गुलाम स्थावरकाला मुक्ती मिळते, चंदनकाला पोलिसांतलं मोठं पद मिळतं. संवाहक जुगार सोडून बौद्ध भिक्षू झालेला असतो. आठव्या अंकात त्याने वसंतसेनेचा जीव वाचवलेला असतो, म्हणून त्याला सगळ्या विहारांचं प्रमुखपद देतात. माथुरचं नाव मात्र त्या यादीत कुणी घेत नाही. त्याला शिक्षा नाही, बक्षीस नाही. नवीन राजाने सभा बंद केली असंही कुठे म्हटलेलं नाही.